पुनर्वापर : आज्ञावलीचा की आकलनाचा?

कपडे धुण्याचे यंत्र, इमारतीतील लिफ्ट, मोटारीचे इंजिन, रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा पंप, या साऱ्यांच्या पोटात आज लहानमोठे संगणक बसलेले आहेत. त्या संगणकांनी काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञावल्या लिहिणे हा पुणे, बंगळूर यांसारख्या शहरांतील असंख्य अभियंत्यांचा नित्याचा व्यवसाय झाला आहे. टेबलावरच्या संगणकाने दगा दिला तर माणूस वैतागतो, यंत्र बंद करतो आणि पुन्हा सुरू करतो. यंत्राच्या पोटातल्या आज्ञावलीने, या व्यवसायाच्या भाषेत एम्बेडेड सॉफ्टवेअरने, दगा दिला तर ब्रेक लागत नाही किंवा औषधाची मात्रा चुकते. म्हणून या व्यवसायातील चालीरीती ही केवळ त्यातील मंडळींची खाजगी बाब राहत नाही.

या व्यवसायात पुनर्वापराला फार मोठा मान आहे. एकदा लिहिलेले पुन्हा लिहू नये, एका यंत्रात चाललेले दुसऱ्यात बसवावे, म्हणजे वेळ वाचतो, पैसा वाचतो आणि चुकाही टळतात असे मानले जाते. काटकसरीच्या या तत्त्वाशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की पुन्हा वापरायचे ते नेमके काय? लिहून झालेल्या आज्ञा, की त्या लिहिण्यापूर्वी यंत्राविषयी आणि त्याच्या परिसराविषयी झालेला विचार? आज्ञा एका यंत्रातून दुसऱ्यात नेणे अगदी सोपे असते. ज्या गृहीतांवर त्या उभ्या असतात ती मात्र बहुधा जुन्या जागीच राहून जातात.

याचे बोलके उदाहरण म्हणजे आरियान ५. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधील कुरू येथून युरोपचा हा नवा अग्निबाण प्रथमच झेपावला. त्याच्या माथ्यावर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. जेमतेम चाळीस सेकंदांत, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, तो एकाएकी मार्ग सोडून वळला, मोडू लागला आणि फुटला. फ्रेंच गणिती जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १९ जुलै रोजी, म्हणजे दीड महिन्याच्या आतच, आपला अहवाल सादर केला. चौकशीचे अहवाल पुष्कळदा दोषाची वाटणी करण्यासाठी लिहिले जातात. हा त्याला सन्माननीय अपवाद असून अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाचनात तो यायला हवा.

अग्निबाण कोणत्या बाजूला कलला आहे आणि किती वेगाने चालला आहे हे मोजणाऱ्या उपकरणातील आज्ञावली आरियान ४ वरून जवळजवळ जशीच्या तशी घेतलेली होती. जुन्या अग्निबाणावर ती बिनतक्रार चालत आली होती. चालत्या गाड्याला खीळ कशाला घाला, असा विचार कोणीही केला असता. या आज्ञावलीतील एका भागाचे काम उड्डाणापूर्वी उपकरण जुळवून घेण्याचे होते. उलटी मोजणी अगदी अखेरच्या क्षणी थांबवावी लागली तर सारी जुळवाजुळव मुळापासून करण्यात वेळ जाऊ नये, म्हणून जुन्या अग्निबाणात हा भाग उड्डाणानंतरही सुमारे चाळीस सेकंद चालू ठेवलेला असे. आरियान ५ ला त्याची काहीही गरज नव्हती. तरीही तो राहिला.

याच निरुपयोगी भागात आडव्या दिशेच्या वेगाशी निगडित असा एक आकडा संगणकाच्या मोठ्या कप्प्यातून लहान कप्प्यात हलविला जात असे. लहान कप्प्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आरियान ४ ज्या मार्गाने जाई, त्या मार्गावर आकडा इतका फुगणे शक्यच नव्हते. आरियान ५ चा आडवा वेग मात्र पाचपट झपाट्याने वाढत होता. आकडा मावला नाही, आज्ञावलीने चूक झाल्याचे जाहीर केले आणि उपकरण बंद पडले. राखीव म्हणून दुसरे उपकरण होते, पण ते याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडून बसले होते. बंद पडता पडता उपकरणाने जी बिघाडाची नोंद पाठविली, ती मुख्य संगणकाने उड्डाणाचीच माहिती समजून वाचली आणि त्या भलत्या आकड्यांनुसार अग्निबाणाचा रोख पार वळवून टाकला.

निष्काळजीपणा म्हणून हे प्रकरण निकालात काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. कप्प्यात न मावण्याचा धोका असलेले असे सात आकडे आहेत हे अभियंत्यांना ठाऊक होते. त्यांपैकी चारांना त्यांनी संरक्षण दिले आणि तीन तसेच ठेवले, कारण संगणकावरील बोजा ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही असे ठरले होते, आणि हे तीन आकडे मर्यादेबाहेर जाणार नाहीत अशी त्यांची खात्री होती. आरियान ४ पुरती ती खात्री रास्तच होती. परंतु तीन आकडे उघडे का ठेवले याचे कारण आज्ञावलीच्या ओळींत कोठेही नोंदलेले नव्हते. इतर कागदपत्रे इतकी अफाट होती, की हे गृहीत त्यात असून नसल्यासारखेच झाले. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की नव्या अग्निबाणाच्या मार्गाची माहिती या उपकरणाच्या अपेक्षापत्रात घालायची नाही, असे संबंधितांनी एकमताने ठरविले होते. आज्ञा पुढच्या अग्निबाणावर गेल्या, त्यांचे कारण मागेच राहिले.

राखीव उपकरणाची गोष्टही याच जातीची आहे. एकाच्या जोडीला दुसरे तसेच उपकरण ठेवावे आणि पहिले निकामी झाल्यास दुसऱ्याने भार उचलावा ही फार जुनी आणि उत्तम युक्ती. पण ती कोणत्या आजारावरचे औषध आहे? यंत्राचा एखादा भाग झिजला, तार तुटली, अवचित काही जळले तर जोडीदार कामी येतो. आज्ञावलीत चूक असेल तर दोन्ही जुळी भावंडे एकाच क्षणी तीच चूक करतात. कुरू येथील अभियंत्यांनी युक्ती बरोबर उचलली होती, तिला लागू असलेली अट मात्र त्यांच्या विचारात नव्हती.

अट आणि युक्ती एकत्र बांधून ठेवण्याचा मार्ग संगणकशास्त्राला एका वास्तुरचनाकाराने दाखविला, ही यातली मौज आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी अमेरिकेत बर्कलीला आपल्या सहकाऱ्यांसह १९७७ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. घरे, गल्ल्या, नगरे यांच्या रचनेत पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या २५३ प्रश्नांची आणि त्यांवरील उकलींची त्यात मांडणी आहे. प्रत्येक उकलीला त्यांनी पॅटर्न म्हटले. मराठीत त्याला आकृतिबंध म्हणावे. सरकारी कचेऱ्यांत आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, हे ठाऊक असूनही समीक्षेतला हा जुना शब्द सोडवत नाही. अलेक्झांडर यांच्या ग्रंथात सज्जाविषयी एक आकृतिबंध आहे. सज्जा सहा फुटांपेक्षा अरुंद असेल तर माणसे तो फारसा वापरत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण. मुंबईतल्या सदनिकांच्या तीन फुटी सज्जांत काय साठविलेले असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला याचा पुरावा नको. महत्त्वाचे ते सहा फूट नव्हेत. दोनतीन माणसांना खुर्च्या टाकून, मध्ये लहानसे मेज ठेवून बसता यावे एवढी जागा लागते, हे त्यामागचे कारण महत्त्वाचे. कारण हाती असले म्हणजे जेथे माणसे जमिनीवर चटई टाकून बसतात, तेथे किती फूट लागतील ते नव्याने ठरविता येते. नुसता आकडा हाती असला तर ते जमत नाही.

संगणकाच्या दुनियेत तोवर वेगळ्या बाजूने तयारी झालेली होती. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगोर्द यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही संगणक-भाषा रचली. तिच्यात कार्यक्रम म्हणजे आज्ञांची लांबलचक यादी न राहता वस्तूंचा मेळावा झाला. प्रत्येक वस्तू आपली माहिती स्वतःजवळ राखते आणि इतरांशी ठरावीक रीतीनेच बोलते. या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीला वस्तुनिष्ठ म्हणावे तर त्या शब्दाने मराठीत दुसरेच घर केलेले आहे. वस्तुकेंद्री म्हणणे बरे. यंत्राचा विचार करायला ही रीत फार सोयीची, कारण लिफ्ट, दार, मजला, बटण या यंत्रातल्या वस्तू कागदावरही वस्तू म्हणूनच मांडता येतात. १९८७ मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी अलेक्झांडर यांची कल्पना या पद्धतीशी जोडली. १९९४ मध्ये एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांचे २३ आकृतिबंधांचे पुस्तक निघाले आणि पाहता पाहता त्याला धर्मग्रंथाची प्रतिष्ठा आली. पण हे तेवीस आकृतिबंध आज्ञावलीची आतली रचना कशी करावी याविषयी आहेत. ती रचना ज्या जगासाठी करायची, ते जग कसे आहे हा त्याआधीचा प्रश्न. तो विश्लेषणाचा प्रांत. मार्टिन फाउलर यांनी १९९६ च्या सुमारास विश्लेषणाचे आकृतिबंध मांडले, ते मुख्यतः रुग्णालये आणि हिशेब यांच्या अनुभवावर आधारलेले होते.

यंत्राच्या पोटातील आज्ञावल्यांसाठी हे काम अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या साशा कोनराड, बेटी चेंग आणि लॉरा कॅम्पबेल यांनी केले आणि २००४ साली प्रसिद्ध केले. मोटारींच्या उद्योगाच्या त्या मुलुखात हे व्हावे हे स्वाभाविकच. जग जाणून घेणारा संवेदक आणि जगावर परिणाम घडविणारा हात यांचे नाते, दोष हाताळणारा घटक, सतत पहारा करणारा राखणदार असे मोजके आकृतिबंध त्यांनी गोळा केले. त्यांच्या मांडणीत निर्बंधांना स्वतंत्र जागा दिलेली आहे. हा आकृतिबंध घेतलात तर अमुक एक गोष्ट नेहमी खरी असली पाहिजे, अमुक कधीही घडता कामा नये, असे ते निर्बंध तर्कशास्त्राच्या भाषेत लिहिता येतात आणि यंत्राकरवी तपासताही येतात. लिफ्ट चालू असताना दार उघडे असता कामा नये, हे विधान एकदा असे लिहून ठेवले की ते कोणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहत नाही.

दुचाकीच्या ब्रेकचेच पाहा. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी, एबीएस नावाची यंत्रणा आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. तिचा आकृतिबंध साधा आहे. चाकाचा वेग मोजणारा संवेदक, चाक एकाएकी थांबू पाहते आहे का हे ठरविणारा निर्णायक, आणि ब्रेकचा दाब क्षणभर सैल करून पुन्हा आवळणारी झडप. मोटारगाडीतही हीच तीन पात्रे असतात. तेव्हा गाडीची आज्ञावली आणून दुचाकीत बसविली तर काय बिघडले? बिघडते ते असे, की गाडीचे चाक जाम झाले तर ती भरकटते, दुचाकीचे पुढचे चाक जाम झाले तर स्वार खाली पडतो. त्यामुळे ‘किती उशीर चालेल’ या प्रश्नाचे उत्तर दोन्हीकडे सारखे नसते. पुन्हा, डांबरी रस्त्यावर जाम न झालेले चाक लाभाचे, तर सैल खडीच्या रस्त्यावर जाम झालेले चाक पुढे खडीची रास लोटते आणि गाडी पुष्कळदा लवकर थांबते. चाकाच्या वेगावरून गाडीच्या वेगाचा अंदाज बांधण्याची रीत गुळगुळीत रस्त्यावर चालते. चाक खड्ड्यावरून उडून क्षणभर अधांतरी फिरले तर तोच अंदाज फसवा ठरतो. पात्रे तीच, नाते तेच, पण बळांचा तोल निराळा. आकृतिबंध म्हणून हे ज्ञान हाती आले तर अभियंता या प्रश्नांपासूनच आरंभ करतो. ओळींच्या रूपाने हाती आले तर प्रश्न उद्भवतच नाहीत, कारण त्यांची उत्तरे आत आधीच गोठवलेली असतात.

याची लाभाची बाजूही एका प्रसंगात दिसली. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांनी मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करू लागला. झाले होते असे : हवामानाची नोंद करणारे कमी महत्त्वाचे काम एक सामायिक साधन धरून बसे. सर्वांत महत्त्वाचे काम त्या साधनाची वाट पाही. दरम्यान मधल्या दर्जाचे एखादे काम येऊन कमी महत्त्वाच्या कामाला बाजूला सारी, आणि साधन कधी सुटतच नसे. हवालदाराने कारकुनाला अडवून ठेवावे आणि कारकुनाच्या हातातील किल्लीसाठी जिल्हाधिकारी ताटकळत उभे राहावेत, तसा प्रकार. मुख्य काम वेळेत झाले नाही हे पहाऱ्यावरील घटकाच्या ध्यानात येई आणि तो सारी यंत्रणा नव्याने सुरू करी. त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर पडे, पण यान वाचे. या गुंत्याला नाव होते आणि त्यावरची उकल लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० सालीच प्रसिद्ध केलेली होती. किल्ली ज्याच्या हाती आहे त्याला, ती सुटेपर्यंत, वाट पाहणाऱ्याचा दर्जा द्यावा, एवढीच ती उकल. तिची सोयही यानातील संगणकात होती, ती वापरात आणलेली नव्हती. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर अभियंत्यांनी गुंता पुन्हा घडवून पाहिला, ओळखला आणि दुरुस्ती मंगळावर पाठविली. रोगाला नाव आणि वर्णन नसते तर एवढ्या दुरून त्याचे निदान कितपत झाले असते, याची शंका वाटते.

याउलट, कॅनडात बनलेल्या थेराक-२५ या किरणोपचार यंत्राची कथा अंगावर काटा आणणारी आहे. त्याच्या आज्ञावलीत जुन्या यंत्रांतील भाग घेतलेले होते. जुन्या थेराक-२० मध्येही तीच चूक होती, पण तेथे किरणांना अडविणारी यांत्रिक कुलुपे वेगळी होती, त्यामुळे चूक झाली तरी फार तर फ्यूज उडे. नव्या यंत्रातून ती कुलुपे काढून टाकली आणि सारा भार आज्ञावलीवर सोपविला. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना भयंकर मोठ्या मात्रेचे किरण बसले आणि त्यांतील किमान तिघे त्यामुळे दगावले. जुन्या यंत्रात आज्ञावली सुरक्षित भासली, ती बाहेर उभ्या असलेल्या राखणदारामुळे. हा राखणदार आज्ञावलीच्या ओळींत दिसणार कसा?

यावर कोणी म्हणेल, की नव्याने लिहिलेल्या आज्ञावलीत नव्या चुका शिरतात, निदान जुनी तपासलेली तरी असते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावण्यात अर्थ नाही. जुने टाकून द्या असे येथे कोणी म्हणत नाही. जुने घ्या, पण ते कशासाठी आणि कोणत्या अटींवर चालत होते हे त्याच्यासोबत घ्या, एवढीच मागणी आहे. आकृतिबंधांचेही स्तोम माजते, हे मान्य केले पाहिजे. नोकरीच्या मुलाखतीत ते तेवीस आकृतिबंध पाढ्यांसारखे म्हणून दाखविणारे आणि ते ऐकून प्रसन्न होणारे, दोघेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. परिसर आणि निर्बंध गाळून पाठ केलेला आकृतिबंध हा जुनी आज्ञावली नकलून घेण्याचाच एक प्रतिष्ठित प्रकार होय.

आपल्याकडील अडचण मात्र याहून खोल आहे. परदेशी उद्योगांसाठी होणाऱ्या कामात पुष्कळदा विश्लेषण तिकडे होते आणि इकडे येतो तो तयार आराखडा. तो ओळींत उतरविणे हे आपले काम. कामाच्या या वाटणीत आपल्या तरुणांना पगार मिळाला, कौशल्यही मिळाले, पण ‘असे का’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागली नाही. आता तर सांगितल्याबरोबर आज्ञावलीच्या ओळी लिहून देणारी यंत्रेच आलेली आहेत. ओळींचे मोल उतरत जाणार हे उघड आहे, आणि ज्याच्यापाशी फक्त ओळीच आहेत त्याची स्थिती कठीण होणार. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासोबत केवळ चालणारे यंत्र न मागता, ते कोणत्या गृहीतांवर चालते आणि ती मोडली तर काय होईल, याची चार पाने मागावीत आणि गुण त्या पानांना द्यावेत. याला नवा अभ्यासक्रमही लागत नाही.

दुसरे काम खरेदीदारांचे. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेवर चालणाऱ्या स्कूटरना ठिकठिकाणी आगी लागल्या आणि त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक करण्यात आले. त्याच वर्षी १ जूनला राज्य परिवहन महामंडळाची विजेवरची पहिली शिवाई बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. अशा प्रत्येक बसच्या बॅटरीवर एक लहानसा संगणक पहारा करीत असतो. तो किती उष्णतेपर्यंत आणि किती धुळीत काम करील या हिशेबाने लिहिला गेला, त्यातील कोणता भाग दुसऱ्या कोणत्या वाहनावरून आणि कोणत्या हवामानातून उचलला, एखादा संवेदक खोटे सांगू लागला तर ते ओळखण्याची काय सोय आहे, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली गेली तर घाटात, भरल्या प्रवाशांनिशी, बस नेमके काय करील, या प्रश्नांची लेखी उत्तरे निविदेसोबत मागण्याचा अधिकार सार्वजनिक पैशाने खरेदी करणाऱ्या प्रत्येक संस्थेला आहे. त्यासाठी विक्रेत्याच्या आज्ञावलीची एकही ओळ उघड करावी लागत नाही, त्यामुळे व्यापारी गुपिताची सबबही पुढे करता येणार नाही.